परक्या शहरातली अनामत

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहात एक विद्यार्थी आजारी पडला होता. मॉरिशसहून पुण्यात शिकायला आलेला. कावीळ झालेली. कावीळ म्हटली की औषधापेक्षा पथ्य मोठे. तेलकट नको, तिखट नको, जे द्यायचे ते हलके आणि वेळेवर हवे. घरी असता तर आईने मऊ भात करून भरवला असता. वसतिगृहात ते कोण करणार? त्याच्याच देशातली एक मुलगी पुण्यात शिकत होती. मुलांच्या वसतिगृहात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून ती बाहेर उभी राहून खिडकीतून त्याला जेवण देत होती.

वसतिगृहाचे रेक्टर होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार. त्यांनी हे पाहिले. खिडकीशी एक मुलगी उभी आहे आणि आतल्या मुलाला काहीतरी देते आहे, हे पाहून कोणत्याही रेक्टरला जी शंका येईल, ती त्यांनाही आली. चौकशी केली तेव्हा खरे काय ते कळले. मुजुमदार सरांनी हा प्रसंग पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. शिकवायला प्राध्यापक होते, राहायला खोली होती, ग्रंथालय होते; पण आजारी पडल्यावर ‘काही खाल्लेस का?’ असे विचारणारे या शहरात त्या मुलाला कोणी नव्हते. जी होती, तिला नियमाने दाराबाहेर ठेवले होते.

या अस्वस्थतेतून 1971 मध्ये पुण्यात एक संस्था उभी राहिली. परदेशातून आलेल्या मुलांना आणि इथल्या मुलांना एकमेकांना भेटता यावे, एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहता यावे, एवढाच तिचा सुरुवातीचा हेतू. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने तिला नावही आपल्याच विषयातले दिले: सिंबायोसिस. मराठीत सहजीवन.

रमजानच्या महिन्यात ही गोष्ट आठवण्याचे कारण तसेच आहे. या महिन्यात पुण्याच्या वसतिगृहांतल्या आणि भाड्याच्या फ्लॅटमधल्या काही खोल्यांचे दिवे पहाटे साडेचारला लागतात. अफगाणिस्तान, इराण, येमेन, सुदान, टांझानिया अशा देशांतून आलेली मुले सहेरीला उठलेली असतात. त्यांतली कितीतरी व्यवस्थापन शिकायला आलेली. दोन वर्षांनी ती पदवी घेऊन परत जातील. परत जाताना सोबत काय नेतील, हा प्रश्न जितका त्यांचा आहे, तितकाच आपल्या शहराचाही आहे.

डब्यातले दगडफूल

सहजीवन हा शब्द सभा-समारंभांत इतका वापरला गेला आहे की त्याचा अर्थ पुसट झाला आहे. तो नीट समजायचा असेल तर स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडावा. गोड्या मसाल्यात दगडफूल पडते. बिर्याणीच्या आणि निहारीच्या मसाल्यातही तेच पडते. उर्दू बोलणाऱ्या घरात त्याला पत्थर का फूल म्हणतात. सदाशिव पेठेतली आमटी आणि मोमीनपुऱ्यातली निहारी यांच्या चुलीवर एकच जिन्नस वेगवेगळ्या नावांनी शिजत असतो.

नावात फूल असले तरी ते फूल नाही. ती एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शेवाळ या दोन वेगळ्या जिवांनी मिळून केलेला तो संसार आहे. बुरशी आसरा देते, ओल धरून ठेवते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. उघड्या कातळावर शेवाळ एकटे असते तर उन्हात वाळून गेले असते आणि बुरशी उपाशी मेली असती. दोघे एकत्र आले म्हणून दगडावर जगले. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. दोघांचाही नफा होतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. परदेशी विद्यार्थ्यांबद्दल बोलताना आपण पाहुणचाराची भाषा वापरतो. जणू शहर देते आहे आणि ते घेत आहेत. पण खाणावळी, भाड्याची घरे, झेरॉक्सची दुकाने, रिक्षा, महाविद्यालयांचे शुल्क, या सगळ्यांत त्यांचा पैसा फिरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथल्या मुलाला पासपोर्ट न काढता जग भेटते. बारामतीहून किंवा लातूरहून आलेला मुलगा सुदानच्या मुलाशेजारी बसून दोन वर्षे काढतो, तेव्हा ‘आफ्रिका’ हा त्याच्यासाठी नकाशावरचा एक तुकडा उरत नाही.

वर्गात काय, वर्गाबाहेर काय

पुण्यात व्यवस्थापनाचे शिक्षण रुजले त्याला कारण होते. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, खडकी, मुंढवा या पट्ट्यात कारखाने आले. यंत्रे चालवणारे अभियंते मिळत होते. पण माणसे, पैसा आणि बाजार यांची सांगड घालणारेही हवे होते. डॉ. प्र. चिं. शेजवलकर यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आयएमडीआर ही संस्था सुरू झाली. सिंबायोसिसची व्यवस्थापन संस्था 1978 ची. कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये अल्लाना इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस आहे. सिंबायोसिसला 2002 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यापीठाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे. खिडकीपाशी सुरू झालेली गोष्ट मुळशी तालुक्यातल्या लवळ्याच्या डोंगरापर्यंत पोहोचली.

व्यवस्थापनाच्या वर्गात हिशेब, बाजारपेठ, मनुष्यबळ, वित्त असे विषय असतात. पुस्तकांपेक्षा भर असतो तो गटात काम करण्यावर. पाच-सहा जणांचा गट करायचा, एखाद्या कंपनीपुढची खरी अडचण घ्यायची, रात्रभर वाद घालायचा आणि सकाळी वर्गापुढे उत्तर मांडायचे. अमेरिकेत हार्वर्डने ही पद्धत रूढ केली. 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्याच मदतीने ती भारतात आणली. आज देशभरातल्या संस्थांत ती चालते.

कागदावर गट करणे सोपे असते. खरा अभ्यास पुढे असतो. कोणाच्या देशात शिक्षकाला उलट प्रश्न विचारणे उद्धटपणा समजतात. कोणाच्या घरी सगळे एकदम बोलतात आणि त्यालाच चर्चा म्हणतात. कोणी ‘हो’ म्हणतो त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच असतो. समोरच्याला वाटते की त्याने कबूल केले. पहिल्या सहामाहीत अशा गैरसमजांतून गट फुटतात, अबोला धरला जातो. दुसऱ्या वर्षाला तेच विद्यार्थी एकमेकांच्या गप्प बसण्याचाही अर्थ ओळखू लागतात. परीक्षेत याला गुण नसतात. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून याचीच परीक्षा असते.

रमजानचा महिना आला की हा अभ्यास आणखी जवळून होतो. चांद्र पंचांगामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. सध्या तो परीक्षा आणि नोकरीच्या मुलाखतींच्या हंगामात येतो. मार्चच्या मध्यावर पुण्यात सहेरी पहाटे साडेपाचच्या आत संपवावी लागते आणि रोजा सुटतो संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. आता मेस सकाळी साडेसातला उघडत असेल तर सहेरीचे काय? खोलीत शेगडी चालत नाही. रात्रीचे जेवण झाकून ठेवले तर पहाटेपर्यंत गार. सादरीकरण साडेसहाला ठेवले तर रोजा सुटण्याची वेळ नेमकी भाषणाच्या मध्यात येते.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा चांगला प्रश्न नाही. किती जणांचे रोजे आहेत, त्यांना किती वाजता काय लागेल, स्वयंपाकी आदल्या रात्री काय करून ठेवू शकेल, खर्च कोण उचलेल, ज्यांचे रोजे नाहीत त्यांची झोप कशी मोडणार नाही. हे उत्तर कुठे मेसचालक शोधतो, कुठे मुले स्वतः. रात्रीच थर्मास भरून ठेवायचा, चपात्या आणि उकडलेली अंडी बांधून घ्यायची, गजर हळू आवाजात लावायचा. कुठे रोजा नसलेला खोलीतला मित्रच आपल्या फोनवर गजर लावतो, कारण रोजेदाराची झोप गाढ असते हे त्याला ठाऊक झालेले असते. संध्याकाळी गटातली एखादी मुलगी आठवणीने खजूर आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवते. तिच्या संकष्टीला साबुदाण्याची खिचडी कुठे मिळेल, ही चौकशी मग तोच रोजेदार करतो. उपवास म्हणजे काय, हे दोघांनाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एका शब्दाचा प्रवास

मात्र सगळेच काही इतके गोड नसते. वसतिगृहात जागा कमी पडते आणि मुलांना शहरात घर शोधावे लागते. तिथे पुण्याची दुसरी ओळख होते. बॅचलर नको, परदेशी नको, मांसाहारी नको. फोनवर घर रिकामे असते. नाव सांगितल्यावर ‘कालच गेले’ असते. ही वागणूक परदेशी मुलांच्याच वाट्याला येते असे नाही. मराठवाड्यातून आलेल्या मुस्लिम मुलाला, ईशान्येकडून आलेल्या मुलीला, जात लपवता न आलेल्या आपल्याच गावाकडच्या पोरालाही ती ओळखीची आहे.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. परदेशी भाडेकरू ठेवला की पोलिसांना कळवावे लागते. कागदपत्रे सांभाळावी लागतात. मागच्या भाडेकरूने वीजबिल थकवले असते, रात्री दोनपर्यंत मोठ्याने गाणी लावली असतात, सोसायटीच्या बैठकीत बोलणी मालकाने खाल्ली असतात. भीती खरी असते. पण एकाने थकवलेल्या बिलाची शिक्षा त्याच्या रंगाच्या, नावाच्या, देशाच्या पुढच्या प्रत्येकाला द्यायची, हा कोणता हिशेब?

घर मिळाले की पहिला मराठी शब्द कानावर पडतो तो ‘अनामत’. दोन-तीन महिन्यांचे भाडे आधी भरायचे. घर सोडताना ते परत मिळते. हा शब्द ऐकून अरबी किंवा फारसी जाणणारा विद्यार्थी क्षणभर थबकतो, कारण तो त्याच्या ओळखीचा असतो. अरबीतला ‘अमानत’ मराठीत येता येता अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला. हिशेब, जमा, बाकी, वसूल, नफा, दलाल हे आपले व्यवहारातले शब्दही त्याच वाटेने आले. झांझिबारच्या विद्यार्थ्याला तर मराठी बाजार अर्धा समजतो. त्याच्या स्वाहिलीत हिशेबाला ‘हेसाबू’ म्हणतात आणि चपातीला ‘चपाती’च.

पण मूळ शब्दाचा अर्थ आपण व्यवहारापुरता आखडून घेतला आहे. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेली वस्तू. ती सांभाळायची, तिला धक्का लागू द्यायचा नाही आणि मागितल्यावर जशीच्या तशी परत करायची. पैगंबर मुहम्मद (स.) यांना प्रेषित्वाच्या आधीपासून मक्केचे लोक ‘अल्-अमीन’ म्हणत, तो शब्दही याच धातूचा. ते व्यापारी होते. हजरत खदीजा यांचा माल घेऊन ते सीरियाकडे गेले. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा, या व्यवहाराला मुदारबा म्हणतात. त्यात मेहनत करणाऱ्याच्या हातातले भांडवल अमानत मानले जाते. त्याच्याकडून तारण घेतलेले नसते. सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो.

सीरतच्या ग्रंथांत आणखी एक प्रसंग येतो. 622 मध्ये मक्केतल्या विरोधकांनी जिवावर उठून पैगंबरांना शहर सोडायला लावले. त्याच मक्केतल्या लोकांच्या ठेवी तेव्हाही त्यांच्याकडे होत्या. त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले ते ज्याची ठेव त्याला परत करण्यासाठी. मगच अली मदिनेला गेले. शत्रूची ठेवही ठेवच असते, हा त्यातला धडा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ नावाचा विषय असतो. त्याच्या तासाला हे उदाहरण शोभून दिसेल.

आता हाच शब्द घरमालक आणि भाडेकरू यांच्यापलीकडे नेऊन पाहावा. काबूलच्या, एडनच्या किंवा दारेसलामच्या आईबापांनी विमानतळावर मुलाला निरोप दिला, तेव्हा त्यांनी या शहराकडे काय सोपवले? वर्षाचे शुल्क तर पावतीवर लिहिलेले असते. पण जे पावतीवर लिहिलेले नाही, ती खरी अमानत. घर देताना मालक मुलाकडून अनामत घेतो. त्याच वेळी आईबापांनी शहराकडे आपली अनामत ठेवलेली असते. हे दुसरे खाते आपण क्वचितच उघडून पाहतो. आणि अमानत दोन्ही बाजूंना लागू असते. घर, शेजार, इमारतीचा जिना, तिथली शांतता ही मुलाकडे सोपवलेली ठेव आहे. रात्री उशिरा तरावीहवरून परतताना जिन्यात मोठ्याने न बोलणे, हेही अमानत सांभाळणेच आहे.

परतीची वाट बंद झाली तेव्हा

ऑगस्ट 2021 मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. काबूल तालिबानच्या ताब्यात गेले, तेव्हा पुण्यात मोठ्या संख्येने अफगाण विद्यार्थी शिकत होते. 1950 मध्ये देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर त्यांतले अनेक जण आले होते. त्या दिवसांत घरचे फोन लागत नव्हते. बँका बंद असल्याने पैसे येत नव्हते. कोणाची पदवी पूर्ण झाली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती आणि परत जायचे तर कशाकडे जायचे, हे कळत नव्हते.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 2022 मध्ये, अफगाणिस्तानात मुलींसाठी विद्यापीठांचे दरवाजे बंद करण्यात आले. ज्या मुली पुण्यात बसून ताळेबंद, नेतृत्व, उद्योजकता शिकत होत्या, त्यांच्या बहिणींना घराबाहेरच्या वर्गात बसण्याची परवानगी राहिली नाही. ज्ञान मिळवणे स्त्री-पुरुष दोघांचे कर्तव्य मानणाऱ्या धर्माचे नाव घेऊन हे केले गेले, ही त्यातली मोठी वेदना. अशा मुलीसाठी पुण्याची पदवी ही नोकरीची शिडी राहत नाही. ती एक जपून ठेवायची ठेव होते: आज इथे शिकून ठेवायचे आणि कधीतरी आपल्या देशातल्या मुलींना परत करायचे.

कुटुंब दूर, परतीची वाट बंद आणि खिशात मोजके पैसे, अशा वेळी ‘आंतरराष्ट्रीय’ या पाटीचा अर्थ पाटीवर सापडत नाही. तो वर्गमित्राने भरलेल्या मेसच्या बिलात सापडतो. भाडे दोन महिने थांबवणाऱ्या घरमालकात सापडतो. कार्यालयातल्या ज्या कारकुनाने कागदासाठी चौथी खेप घालायला लावली नाही, त्याच्यात सापडतो. आणि यातले काहीच मिळाले नाही तर ज्या मुलाला ते मिळाले नाही, तोही हीच गोष्ट आयुष्यभर आपल्या देशात सांगत राहतो.

दोन वर्षे संपतात. पदवीदान होते, काळ्या झग्यातले फोटो काढले जातात. मग खोली रिकामी करण्याचा दिवस येतो. मालक येऊन भिंती पाहतो, खिळ्यांची भोके मोजतो आणि रंगाचे पैसे कापून अनामत परत करतो. बॅगेत पुस्तके असतात, जंगली महाराज रस्त्यावर घेतलेला कुर्ता असतो, कोणाच्या बॅगेत मैत्रिणीच्या आईने दिलेल्या गोड्या मसाल्याची पुडीही असते. त्यात दगडफूल असते, हे नेणाऱ्याला माहीत नसते.

फर्ग्युसनच्या वसतिगृहाच्या गोष्टीत आजारी मुलगा आहे, रेक्टर आहेत, पुढे उभे राहिलेले विद्यापीठ आहे. जी मुलगी खिडकीशी उभी होती, तिचे नाव मात्र सांगितले जात नाही. व्यवस्थापनाची पदवी नसताना तिने नेमके ओळखले होते की कोणाला, काय आणि किती वाजता लागणार आहे. या रमजानमध्ये पहाटे साडेचारला समोरच्या इमारतीत दिवा लागलेला दिसला, तर तिथेही कोणाचे तरी मूल आपल्याकडे ठेव म्हणून राहिले आहे. संध्याकाळी जिन्यात भेटले की ‘सहेरीला काय खाल्लेस?’ एवढे विचारता येईल. आता त्यासाठी खिडकीबाहेर उभे राहावे लागत नाही.